गाडी रेस का घेत नाही?

दोस्तांनो, आमच्या अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, १९८७ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याला बनलेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून हीच गाडी तुमच्या आईबाबांनी वर्षानुवर्षं पाहिलीय. तिथली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची थांबली. आमची मात्र पुण्यात अंगणात उभी असते आणि अण्णा रोज सकाळी तिला फडक्यानं पुसतात. पुसायचे, असं म्हणायला हवं. कारण मध्यंतरी त्यांनी ते बंद केलं होतं.

झालं होतं असं, की गाडी रेस घेईना. सेल मारला की चटकन सुरू व्हायची, जागेवर उभी असताना इंजिनाचा आवाज अगदी गोड. गल्लीबोळात, पेठेत काही तक्रार नाही. पण कात्रजचा जुना घाट लागला की हिला धाप लागायची! ॲक्सिलरेटर दाबावा तर वेग वाढायच्या ऐवजी आणखी कमी व्हायचा. कडेला पाच मिनिटं थांबलं की पुन्हा छान चालायची, अर्धा किलोमीटर. मग परत तेच.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "कार्बोरेटर गेला." सात हजार रुपये गेले, धाप तशीच. दुसऱ्यानं कॉईल बदलली. तिसरा म्हणाला, "आता इंजिनच उतरवावं लागेल." तेव्हा आई वैतागून म्हणाली, "अहो, द्या ना आता भंगारात." अण्णा काहीच बोलले नाहीत. भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं आणि त्या दिवसापासून त्यांनी फडक्याला हात लावला नाही.

शनिवारी माझी भाची आली होती. आठवीत आहे. सगळं ऐकून ती म्हणाली, "मामा, सगळे नुसते बदलतच सुटलेत. बिघडलंय काय, ते कुणी शोधलंच नाही का?"

मला जरा लाजच वाटली. दर आठवड्याला तुम्हाला शहाणपण शिकवणारा मी! मग वही घेऊन तिघं बॉनेटपाशी बसलो.

आधी थोडा हिशेब करू या. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात, सगळे मिळून १०८९ घनसेंटिमीटरचे. आत हवा आणि पेट्रोलचं मिश्रण ओढायचं, दाबायचं, ठिणगी टाकून पेटवायचं, धूर बाहेर ढकलायचा. एवढ्या कामाला इंजिनाच्या दोन फेऱ्या लागतात. जागेवर उभी असताना मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर चार सिलिंडरना मिळून सेकंदाला २७ च्या आसपास ठिणग्या लागतात. ३००० फेऱ्यांना? चक्क १००! एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९००० लिटर हवा लागते, हेही वहीत लिहून ठेवलं. म्हणजे रेस वाढली की हवा, पेट्रोल, ठिणगी आणि धुराची वाट या चारही गोष्टी एकदम जास्त लागतात. जागेवर गाडी छान चालते याचा अर्थ एवढाच, की चौघांपैकी प्रत्येकजण थोडंसं काम करतोय. जास्त काम कोण करत नाही, ते शोधायचं.

भाचीनं आधी गाडीच्या आत डोकावून पाहिलं. पायाखालची मॅट पुढं सरकून ॲक्सिलरेटरखाली अडकलेली तर नाही? हसू नका, असं खरंच होतं! आमची मॅट जागेवर होती. मी पेडल दाबलं तेव्हा बॉनेटखाली कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडत होती. एअर फिल्टर उजेडात धरून पाहिला, स्वच्छ. सायलेन्सरच्या नळीतून धूर मोकळा येत होता, एकसारखा फक् फक्.

मग ठिणगीची पाळी. इथं जरा थांबायला हवं, कारण इथं मोठी गंमत आहे. मिश्रण पेटलं तरी ते क्षणात जळून संपत नाही. दोन सहस्रांश सेकंद धरा. तेवढ्या वेळात ८०० फेऱ्यांवर इंजिन १० अंशांच्या आसपास फिरतं, पण ३००० फेऱ्यांवर तब्बल ३६ अंश! म्हणून वेग वाढला की ठिणगी अधिक आधी पडायला हवी. पण हे इंजिनाला सांगणार कोण? आजच्या गाड्यांत संगणक सांगतो. पद्मिनीत डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं असतात. वेग वाढला की पाळण्यातल्या माणसांसारखी ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ अलीकडे आणतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना परत आत ओढते. ना वीज, ना संगणक! मला तर हे फार आवडतं.

ही वजनं गंजून अडकली, तर गाडी सुरू नीट होते पण रेस दिल्यावर सुस्तावते. आमच्या तक्रारीशी जुळत होतं की! अण्णांनी इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि आतला रोटर बोटांनी किंचित पिळून सोडला. टुणकन मागं आला. वजनं मोकळी होती. पॉइंटमधली फटही योग्य होती.

राहिलं पेट्रोल. अण्णा म्हणाले, "चला घाटात." धाप लागली तसा त्यांनी चोक अर्धा ओढला. चोक ओढला की हवा कमी होते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गाडी थोडी तरारली! म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं. थांबल्यावर बरं का वाटायचं, तेही कळलं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची एक वाटी असते, ती पाच मिनिटांत हळूहळू भरायची आणि घाटात भराभर रिकामी व्हायची.

यापुढचं काम फक्त अण्णांनी केलं, अंगणात, इंजिन गार झाल्यावर. मुलांनो, पेट्रोलची नळी तुम्ही मोठ्यांशिवाय उघडायची नाही, आणि ती तोंडानं तर कधीच ओढायची नाही.

कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून बाटलीत धरली. सेल मारला तर पेट्रोल बारीक बारीक पिचकारीनं येत होतं. दोष पंपाचा, की टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेचा? पंपाला एक नवी छोटी नळी लावून ती कॅनमधल्या पेट्रोलात बुडवली. आता जोरदार पिचकाऱ्या! पंप निर्दोष सुटला. टाकीकडची वाट तेवढी उरली.

तिथं आम्ही अडलो. कारण सायकलच्या पंपानं त्या वाटेतून हवा मारली, तर टाकीत मस्त गुडगुड आवाज आला. वाट मोकळी! गॅरेजवाल्यांनीही हवा मारून हेच सांगितलं होतं. चहा झाला. अण्णा म्हणाले, "राहू दे आता. उद्या तो येईलच."

भाची मात्र वहीतच बघत होती. म्हणाली, "आजोबा, आपण हवा ढकलतोय. पण पंप तर पेट्रोल ओढतो ना?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाच लागलो!

तुम्ही मस्तानी प्यायला गेलात आणि कागदी स्ट्रॉ भिजून मऊ झाली, तर काय होतं? तिच्यातून फुंकलं तर हवा आरामात जाते. पण जोरानं ओढलं की ती चपटी होते आणि तोंडात काही येत नाही. हळूहळू ओढलं तर थोडं थोडं येतं. आमच्या घाटाचं तंतोतंत वर्णन!

टाकीपाशी रबरी नळीचा वीतभर तुकडा होता. बाहेरून धडधाकट. अण्णांनी तो काढून ब्लेडनं उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. हवा ढकलली की तो भिंतीला चिकटायचा, ओढ लागली की वाट बंद करायचा.

रबर म्हातारं होतंच. शिवाय आपल्याकडच्या पेट्रोलात २०२५ पर्यंत इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं, आणि जुन्या जातीचं रबर इथेनॉलमुळे फुगू शकतं. आमच्या नळीत वयाचा दोष किती आणि इथेनॉलचा किती, ते सांगता येत नाही. बहुधा दोन्हींचा. इथेनॉल चालेल अशी नवी नळी आणली, दोन क्लिपा घेतल्या. सगळे मिळून दोनशे रुपयेही झाले नाहीत. पंपापाशी असलेला रबराचा दुसरा तुकडाही त्याच हातानं बदलून टाकला.

रविवारी सकाळी कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत गाडी एका दमात चढली. चोकला हात लावावा लागला नाही. परत आलो तर भंगारवाला फाटकाशी उभा! अण्णांनी त्याला चहा दिला, रद्दीचा गठ्ठा दिला आणि फडकं शोधायला आत गेले. आईनं ते एव्हाना फरशी पुसायला घेतलं होतं, त्यावरून थोडं वाजलं, पण ते जाऊ द्या.

आता तुमच्यासाठी हिशेब. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला एकच सिलिंडर असतो, पण तिथं प्रत्येक फेरीला ठिणगी पडते. मिनिटाला ३००० फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला ठिणग्या किती? उत्तर पुढच्या अंकात.