एक सूत्र अन् २७ मिनिटे ठप्प!
२ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा घेणाऱ्या जगभरातील असंख्य वेबसाइट्स २७ मिनिटे कोलमडल्या. हा सायबर हल्ला नव्हता. हल्ले रोखण्यासाठीच्या नव्या नियमातील 'रेग्युलर एक्स्प्रेशन' त्याला कारणीभूत ठरले. मजकुरात ठरावीक अक्षररचना शोधणारे हे सूत्र जुळणी फसली, की मागे येऊन दुसरा पर्याय तपासते. सूत्र सैल असेल, तर मजकूर थोडा वाढला तरी पर्याय भरमसाट वाढतात. सर्व्हरचे प्रोसेसर त्यातच अडकले. चाचणीत प्रोसेसरवरचा ताण मोजलाच गेला नव्हता आणि नियम टप्प्याटप्प्याने न आणता जगभर एकदम लागू झाला. ठरावीक वेळेत काम संपवण्याची हमी देणारी इंजिने उपलब्ध आहेत. नियम अचूक आहे का, याइतकेच तो किती वेळ घेतो हे तपासणेही सुरक्षेचाच भाग मानायला हवे.