कोलाडच्या शिबिरातली एक चिठ्ठी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या तरुण संघाचं शिबिर कोलाडला झालं, त्याला आता दोन महिने होत आले. फोटो सगळ्यांनी पाहिलेच आहेत (नगरच्या आत्याबाईंनी तर त्यात मी किती वाळलोय हेही शोधून काढलं). पण फोटोत नाही ते सांगायचं राहिलं होतं.

शिबिरात शनिवारी रात्री आम्ही ‘प्रश्नपेटी’ ठेवतो. पेटी कसली, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या आणि मी त्या एकेक काढून मोठ्याने वाचायच्या, उत्तर द्यायचं. सोळा वर्षं करतोय हे. प्रश्न आता पाठ झालेत. परजातीत लग्न केलं तर चालेल का, प्रार्थना करूनही नापास का झालो, परमेश्वराला सगळं माहीतच आहे तर मागायचं कशाला. पाचसहा चिठ्ठ्या झाल्या आणि सातवी उघडली. त्यात लिहिलं होतं, “युवा पाळकांच्या घरच्यांना त्यांची वेळ हवी असेल तर कुठे नाव नोंदवायचं?”

अक्षर ओळखायला मला अर्धा सेकंदही लागला नाही. आमच्या धाकटीचं. ‘ळ’ काढताना ती पोटातली गाठ उलटीकडून मारते, बालवाडीपासून. यंदा ती पंधरा वर्षांची झाली म्हणून पहिल्यांदा शिबिराला आली होती.

मी काय केलं असेल? ती चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात घातली आणि पुढची काढली. पुढचीत होतं, मोबाईल वापरणं पाप आहे का. त्यावर मी वीस मिनिटं बोललो. म्हणे चांगलं बोललो.

आता शिबिर कोलाडलाच का, असं बरेच जण विचारतात. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरला की आलंच, आणि कुंडलिका आहे. मुलांना राफ्टिंग करायचं असतं. या नदीची गंमत अशी की तिचं उन्हाळी-हिवाळी पाणी तिचं नाहीच. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मुळेचं पाणी मुळशीच्या धरणात अडवतात. हे तेच धरण, ज्याच्याविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ते पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात आणतात, वीज करतात आणि मग कुंडलिकेत सोडतात. सकाळी पाणी सुटलं की नदी दोन-तीन तास उसळते, तेवढ्यात राफ्ट न्यायच्या. आमचा गाईड सुतारवाडीकडचा मुलगा, तो म्हणाला, “सर, पाणी सोडलं तर नदी, नाहीतर नुसते दगड.” रविवारी सकाळी मी राफ्टमध्ये बसलो तेव्हा धाकटी दुसऱ्या राफ्टमध्ये बसली. माझ्या राफ्टमध्ये जागा होती. तिने बघितलंही होतं.

त्या दिवशी दुपारच्या उपासनेत मी पाचारणावर बोललो. पूर्णवेळ सेवेसाठी कोण पुढे येतं, असं विचारल्यावर आठ मुलांनी हात वर केले. एरवी मी घरी जाऊन हा आकडा बायकोला पहिल्यांदा सांगितला असता. या खेपेला त्या आठ चेहऱ्यांकडे बघताना मला भीती वाटली, खरंच भीती. हे मला बघून शिकणार. उपदेश कोण लक्षात ठेवतो? माणूस कसा वागतो ते लक्षात राहतं. मी रात्री अकरापर्यंत दुसऱ्यांच्या मुलांचे फोन घेतो म्हणजे हाच समर्पित माणूस, असं ते समजणार आणि उद्या त्यांच्या घरीही कुणीतरी डब्यात अशी चिठ्ठी टाकणार.

आमच्या घरचा हिशेब सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी उगीच तत्त्वज्ञान झाडतोय. बायको नर्स आहे. घर तिच्या पगारावर चालतं, मंडळीकडून मला मिळतं त्यात माझ्या गाडीचं पेट्रोल आणि फोन कसाबसा निघतो. ती नाईट करून सकाळी आठला येते, तेव्हा बऱ्याचदा मी कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला निघालेला असतो. रविवारी तिने रविवारची शाळा घ्यावी, दुपारी पाहुण्या पाळकांना जेवू घालावं, बायकांच्या सभेत हार्मोनियम वाजवावी हे सगळं मंडळीने गृहीत धरलेलं. पाळकीणबाई या पदाला पगार नाही, रजा नाही आणि राजीनामाही देता येत नाही! साक्ष देताना मात्र मीच उभा राहतो आणि ‘प्रभूसाठी मी काय काय सोडलं’ ते सांगतो. मी नक्की काय सोडलं, हे त्या रात्री कोलाडच्या तंबूत मोजायला बसलो तर पंचाईत झाली. जे जे सोडलं ते सगळं त्या दोघींच्या वाट्याचं होतं.

तुम्ही म्हणाल, सेवा ही अशीच असते. माझी आई हेच म्हणते. वडील नगर जिल्ह्यात शिक्षक आणि सुवार्तिक होते, वस्त्यावस्त्यांवर सायकलने जायचे. लहानपणीचे वडील आठवायला गेलो की मला पहिल्यांदा सायकलचं मागचं चाक आठवतं. आई अजून म्हणते, “त्यांचं काही चुकलं नाही. त्या वस्त्यांना दुसरं होतं कोण?” हे खरंच आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण आई हे सांगते तेव्हा खिडकीबाहेर बघत सांगते, हेही खरं आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत रेव्हरंड टिळकांचं नाव निघालं नाही असा नाताळ जात नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे आमच्या शिबिरातली मुलंही सांगतील. त्यानंतरची जवळपास पाच वर्षं लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन पंढरपूर, नाशिक, जलालपूर असं नातेवाइकांच्या आधाराने राहत होत्या, हे विचारा, सांगता येणार नाही. नवऱ्याने धर्म बदललेला, आपण बदललेला नाही, आणि लोक येताजाता बोलतात. त्या काळात त्या बाईने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचताना कळतं, आणि तेसुद्धा हसता हसता कळतं, कारण सांगण्याची रीतच तशी. पुढे त्या नगरला आल्या, १९०० मध्ये त्यांनी आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे, घरात येणाऱ्याजाणाऱ्याला सुमार नव्हता, पोरकी मुलं घरात आणली जात. प्रवचनात आम्ही याला औदार्य म्हणतो. लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघितलं तर संध्याकाळी चुलीवर काय चढवायचं, असा तो प्रश्न होता.

मला टिळकांना लहान करायचं नाही. त्यांच्या पदांशिवाय आमची उपासना होत नाही, १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडण्याची छाती आज माझ्यात नाही. आणि दोघांचं एकमेकांवर किती प्रेम होतं ते पुस्तकाच्या पानापानावर आहे. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ कुणी पुरं केलं? ज्यांना लिहावाचायला नवऱ्यानेच शिकवलं त्या लक्ष्मीबाईंनी. म्हणजे सेवा दोघांची होती. फक्त पहिली कित्येक वर्षं त्यातल्या एकाला कुणी विचारलंच नव्हतं, आणि आज आपण त्या न विचारण्यालाच आदर्श म्हणून शिबिरात सांगतो. मीच सांगितलंय, किती वेळा! पंडिता रमाबाईंचं तसंच. केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांनी किती अनाथ मुली आणि विधवा सांभाळल्या हे सांगतो. आईबरोबर त्याच कामात राबलेली मनोरमा १९२१ मध्ये, आईच्याही आधी गेली, तिच्याविषयी एक वाक्य नाही.

वचनांचं म्हणाल तर दोन्हीकडची सापडतात, त्यामुळे त्यावरून भांडू नका. आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही, या अर्थाचं प्रभू बोलला आहे. बाहेर आई आणि भाऊ उभे असताना माझी आई कोण, असंही त्याने विचारलं आहे. हे मी गाळणार नाही. पण तोच प्रभू मार्कच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’वाल्यांवर रागावतो ना? आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकणारी ती माणसं. आणि वधस्तंभावर, जगाचं तारण करण्याच्या घाईच्या वेळी, खाली उभ्या असलेल्या आईची सोय लावायला त्याला वेळ होता. मला मोबाईलच्या पापावर वीस मिनिटं होती आणि त्या चिठ्ठीसाठी एक मिनिट नव्हतं.

अजून एक. तरुणांचा सेवक म्हटलं की आम्ही तीमथ्याचं उदाहरण देतो, तुझं तारुण्य कुणी तुच्छ मानू नये वगैरे. पण पौल त्या मुलाला त्याच्या विश्वासाचं मूळ कुठे दाखवतो? आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात. कुठल्या शिबिरात नाही.

यावरून कोर्लई आठवलं. कोलाडवरून जाणारी हीच कुंडलिका रोह्यावरून पुढे रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि खाडीच्या पलीकडे कोर्लईचं गाव. तिथल्या ख्रिस्ती वाड्यात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, ती माणसं तिला ‘नॉ लिंग’ म्हणजे आपली भाषा म्हणतात. बोलणारी हजाराच्या आसपास. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल मराठ्यांना दिलं, किल्ल्यातले शिपाई गेले, राज्य गेलं. भाषा कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. चुलीपाशी, होडीत, आजीने नातीला हाका मारताना टिकली, पावणेतीनशेहून जास्त वर्षं. दोन वर्षांपूर्वी मुलांना तिकडे नेलं होतं तेव्हा एक म्हातारी पोराला ओरडत होती, मला एक शब्द कळला नाही, पण पोराला बरोबर कळला. मी घरी नसतो तेव्हा माझ्या मुलीला विश्वासाची भाषा कुणी शिकवली? बायकोने, नाईटहून आल्यावर, डबा भरताना. श्रेय मी घेतलं, ‘पाळकांची मुलगी आहे, वळण आहे’ म्हणून.

असो. मुद्द्याचं बोलतो, कारण मंडळीतले ज्येष्ठही हे वाचतात. मला असं वाटतं की सेवकाला आठवड्याचा एक पूर्ण दिवस सुट्टी असावी आणि त्या दिवशी कुणी मेलं तरच फोन करावा. सेवकाची बायको ही फुकट मिळालेली दुसरी सेवक नव्हे, तिला हवं असेल तर तिने करावं, नसेल तर तिने मागच्या बाकावर बसून डुलकी काढावी. आणि पूर्णवेळ सेवेसाठी हात वर करणाऱ्या मुलाला आपण प्रार्थना करून ‘आमेन’ म्हणतो, त्याच्या घरी जाऊन घरच्यांशी बोलत नाही, ते आता मी करणार आहे. आठांपैकी पाच घरी जाऊन आलोय. एका मुलाची आई रडली, ती आनंदाने रडली असं मी दरवर्षी गृहीत धरत आलो होतो. या वेळी बसून विचारलं. घराचे हप्ते आहेत आणि हा एकटा कमावणार आहे. त्याला म्हटलं, दोन वर्षं नोकरी कर, देव थांबतो. काही ज्येष्ठांना हे आवडलं नाही. नाही आवडलं तर नाही.

परतीच्या आधी मुलांना कोलाड स्टेशनवर नेलं. रेल्वेच्या सपाट डब्यांवर मालाचे ट्रक चढवून थेट गोव्यात वेर्ण्यापर्यंत नेतात ते पाहायला. १९९९ पासून चालू आहे हे, पण मुलांना दरवेळी नवल. ड्रायव्हर ट्रकमध्येच मस्त पाय पसरून झोपलेले. धाकटी म्हणाली, “पप्पा, हे बरंय, गाडीनेच गाडीत बसायचं.” शिबिरात ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बसमध्ये मी नेहमी पुढे ड्रायव्हरजवळ बसतो, मुलं मोजायला बरं पडतं. त्या दिवशी मागे जाऊन तिच्या शेजारी बसलो. घाट सुरू झाल्यावर म्हटलं, “चिठ्ठी मिळाली.”

“माहितीये. खिशात घातलेली दिसली.”

“वाचायला हवी होती मी.”

“सगळ्यांसमोर नको होतं तसं,” ती म्हणाली. “पण निदान रात्री तरी विचाराल असं वाटलं होतं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुळशीचं पाणी दिसायला लागेपर्यंत दोघं गप्प होतो. मग तिला झोप लागली, माझ्या खांद्यावर नाही, खिडकीवर.

आता सोमवार माझी सुट्टी. फोन तिच्याकडे असतो. शाळेतून आल्यावर तीच उचलते, कोण आहे, काय काम आहे ते वहीत लिहून ठेवते आणि ठरवते. गेल्या सोमवारी अकरा फोन आले. त्यातले दोन तिने मला दिले. एक ससूनमधून होता, शिबिरातल्या मुलाच्या वडिलांना दाखल केलं होतं म्हणून. “जा तुम्ही,” म्हणाली, “मम्मीला मी सांगते.” दुसरा आत्याबाईंचा होता.