फेट्याला जात कुणी दिली?

गेल्या वैशाखात माझ्या एका जुन्या स्नेह्याच्या मुलीचे लग्न झाले. त्याला धावपळ झेपत नाही, म्हणून मांडवातले फेटे आणण्याचे काम मी अंगावर घेतले. उभा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला. पन्नास फेटे निवडणे ते काय मोठे, अशा समजुतीने मी बीडच्या बाजारातल्या एका दुकानाची पायरी चढलो. दुकानदार ओळखीचा. त्याने गादीवर बसवून घेतले, चहा सांगितला आणि मग आवाज जरा खाली आणून विचारले, "गुरुजी, लग्न कुणाकडलं म्हणायचं?"

मी स्नेह्याचे नाव सांगितले.

"नाव कळलं हो. म्हणजे समाज कोणता? त्या हिशोबानं कलर काढतो."

मी म्हणालो, "अरे, फेटा डोक्याला बांधायचा आहे, जातीच्या दाखल्याला नाही." तो हसला, पण गठ्ठ्यावरचा हात तिथेच ठेवून म्हणाला, "तुम्ही कोणताबी न्या. पण उद्या मांडवात कुणी बोललं तर मला बोल लावू नका. आताशा लोक आधी रंग बघतात, मग तोंड."

त्या दिवशी मी फेटे न घेताच परतलो.

योगायोग असा, की त्याच रात्री माझ्या पुतण्याचा ग्लासगोहून फोन आला. तोही कपड्याच्याच अडचणीत होता. तिकडे मित्राचे लग्न होते आणि सगळ्या मित्रांनी किल्ट नेसायचा, असे ठरले होते. किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घोळदार लोकरी पोशाख. त्याच्या कापडावर ज्या आडव्याउभ्या रेघांच्या चौकटी असतात, तिला टार्टन म्हणतात, आणि प्रत्येक कुळाचे टार्टन वेगळे. भाड्याने कपडे देणाऱ्या दुकानदाराने त्याला आधी कूळ विचारले. कूळ नाही म्हटल्यावर, हरकत नाही, आवडेल ते घ्या, म्हणाला. पण मग छटा विचारली. एकाच कुळाच्या चौकटीत गडद ती 'आधुनिक', फिकट ती 'प्राचीन', आणि उन्हापावसात विटल्यासारखी दिसते ती तिसरी. शिवाय समारंभाची वेगळी, शिकारीची वेगळी. "काका, मी कोणती घेऊ?" पुतण्या विचारत होता. मला हसू आले. पण दुपारचे दुकान आठवले आणि ते हसू जागीच विरले.

वाचकहो, या टार्टनची कथा मी पुढे महिनाभर वाचत होतो. ती आपल्याला फार उपयोगाची आहे.

आपल्याला वाटते, हजार वर्षांपासून डोंगरातल्या प्रत्येक कुळाने आपापली चौकट जपली असेल. इतिहास तसे सांगत नाही. 1746 साली कलोडनच्या माळावर हायलंडर लोकांचा ब्रिटिश राजसत्तेच्या सैन्याने पराभव केला. त्या लढाईचे डेव्हिड मोरियरने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यातल्या एकेका माणसाच्या अंगावर दोनदोन, तीनतीन तऱ्हेच्या चौकटी आहेत. त्यांवरून कोण कुठल्या कुळाचा हे सांगता येत नाही. आपला आणि परका ओळखायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीवरून. टोपीत कुळाच्या झाडाची डहाळी खोचत, असेही सांगतात. आपल्याकडे कुणाचे देवक कळंब, कुणाचे पंचपालवी, तसाच तो प्रकार. कापड मात्र जवळच्या विणकराकडे जे मिळे, ते.

त्याच वर्षी सरकारने कायदा करून हा पोशाख घालायला बंदी केली. ती 1782 पर्यंत टिकली. सक्तीने काढून घेतलेली वस्तू परत मिळाली की तिला देव्हाऱ्यात जागा मिळते. तसेच झाले, आणि देव्हारा दिसला की बाहेर नारळवाला बसतोच. बॅनकबर्न गावी विल्सन नावाची मोठी विणकर पेढी होती. तिच्या नमुन्यांना आधी नुसते क्रमांक असत; पुढे खपासाठी त्यांना गावांची आणि कुळांची नावे मिळू लागली. 1815 साली लंडनच्या हायलंड सोसायटीने कुळांच्या नायकांकडून त्यांच्या टार्टनचे तुकडे मागवले, तेव्हा अनेक नायकांना आपले टार्टन कोणते हे ठाऊकच नव्हते! 1822 साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागताचा घाट घातला आणि सगळ्यांना कुळाच्या पोशाखात येण्याचे फर्मान सुटले. विणकरांचे माग रात्रंदिवस चालले असतील, यात नवल नाही. 1842 साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन कुळांच्या टार्टनांचा मोठा ग्रंथच छापला. तो बनावट होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. पण त्यातली कितीतरी टार्टन आज कुळाचा वारसा म्हणून अंगावर मिरवतात. आणि ती 'प्राचीन' छटा? रासायनिक रंग आल्यावर जुन्या वनस्पतिरंगांची आठवण म्हणून विसाव्या शतकात कारखान्याने काढलेली. छटा नवी आणि नाव प्राचीन!

आता आपल्या फेट्याकडे वळू. माझ्या आजोबांचा पटका गुलाबी होता. तो गुलाबी का, असे मी लहानपणी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बाजारात तोच होता." शेजारचे पाटील पांढरा बांधत, आणि पांढरा मळला की तोच रंगवून पुन्हा बांधत. पूर्वी रंग ठरवत असे तो रंगाऱ्याचा रांजण आणि गिऱ्हाइकाचा कसा. आपल्या मराठवाड्याच्या रानात जी करडई पिकते, तिच्या फुलांतूनच कुसुंबी रंग निघे. तो उन्हाने उडे, धुण्याने उतरे. पाच धुण्यांत उतरणाऱ्या रंगावर कोण आपल्या कुळाची इभ्रत टांगील? पक्क्या रंगाचे चकचकीत कापड आले, मांडवात सगळ्यांनी एकाच रंगाचे फेटे बांधायची टूम आली, आणि मग त्या रंगाला हळूच जात चिकटली. ती चिकटवणारे दोघे. एकाला कापड खपवायचे होते, दुसऱ्याला मते. दुकानदाराला मी फारसा दोष देत नाही. तो मागणी तसा पुरवठा करतो. दोष मागणी निर्माण करणाऱ्याचा आणि मुकाट्याने डोके पुढे करणाऱ्या आपला.

रंग कुणाचे म्हणता? पिवळा अमक्यांचा असेल, तर हळद लावल्यावाचून कुणाच्या मुलीचे लग्न लागते ते दाखवा. हिरवा तमक्यांचा असेल, तर नवरीच्या हातातला हिरवा चुडा आधी उतरवा. भगवा एकट्यादुकट्याचा म्हणता? मग वारीतल्या पताका वाटून घ्या, आणि दिवाळीत अंगणात ज्या गेरूवर घरच्या लक्ष्मीने रांगोळी घातली, तो गेरूही पुसून टाका. आणि निळा? आमच्या लहानपणी निळीच्या पाण्यातून काढल्याशिवाय कुणाचेही पांढरे धोतर पांढरे होत नसे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ज्यांना पिढ्यान् पिढ्या डोक्यावर चांगले वस्त्र बांधू दिले नाही, मांडवाच्या कडेला उभे केले, त्यांनी एका रंगाखाली एकत्र येऊन ताठ मानेने चालायला सुरुवात केली, ती तुम्हाला खुपते काय? मुळीच नाही. बंदी मोडून नेसलेल्या किल्टपुढे मी नमस्कारच करीन. पडलेल्याला उठवण्यासाठी उभारलेले निशाण वेगळे, आणि दारात आलेल्याला मोजण्यासाठी धरलेली फूटपट्टी वेगळी. माझे भांडण त्या फूटपट्टीशी आहे.

हे भांडण फेट्यापुरते असते, तर दिवाळीच्या फराळात मी मिठाचा खडा टाकला नसता. परंतु ऑक्टोबर 2023 मध्ये या शहराने जळती घरे पाहिली. 2025 साली आमच्या जिल्ह्याच्या पोलिसांनी छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढून नुसते नाव ठेवले, कारण आडनाव वाचून लोक न्यायाचा अंदाज बांधू लागले होते. वर्दीवरचे आडनाव एका हुकमाने निघाले. आपल्या गळ्यातल्या उपरण्यांना कोण हुकूम करणार? शाळेच्या स्नेहसंमेलनात पोराला कोणत्या रंगाचा फेटा बांधू, असे आई दबक्या आवाजात विचारते, तेव्हा ते पोर इतिहासाचा पहिला धडा शिकते, आणि तो धडा खोटा असतो.

पुतण्याला मी सांगितले, "तुला शोभेल ते नेस." त्याने ते केले, आणि तिकडे कुणी त्याला अडवले नाही. स्कॉटलंडमध्ये 2009 पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे. कुणीही नवे टार्टन रचून तिच्यात नोंदवू शकतो. कुळाची म्हणून मिरवलेली वस्तू त्यांनी जगाला खुली केली. आपण सगळ्यांच्या वस्तूला कुंपण घालीत आहोत.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानात गेलो. पाच रंगांचे दहा दहा फेटे घेतले आणि मांडवाच्या दारात एकाच टोपलीत ठेवले. खोटे कशाला सांगू, दोन पाहुण्यांनी फेटा बांधून घेतलाच नाही. एकाने टोपली उपसून आपला रंग शोधला. बाकीचे फेटेवाल्यापुढे रांगेने बसले आणि हाताला येईल तो बांधून घेऊ लागले. माझा स्नेही म्हणाला, "यंदा मांडव बरा दिसतो." त्याने कारण विचारले नाही, मी सांगितले नाही.

तुम्ही हा अंक हाती घ्याल तेव्हा आमच्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या गाड्या कोल्हापूर-सांगलीकडे आणि पार कर्नाटकात निघालेल्या असतील. गाडीत बिऱ्हाड, लेकरे आणि कोयते. साऱ्या जातींची माणसे त्यांत आहेत. पहाटेच्या थंडीत फडात उतरताना प्रत्येक जण डोक्याला काहीतरी गुंडाळतो: टॉवेल, जुने लुगडे, फाटके धोतर. आठ दिवसांत पाचटाच्या धुळीने त्या सगळ्यांचा रंग एक होतो. त्यांना त्यांचा रंग विचारायला तिथे कुणी जात नाही. विचारतात ते निवडणुकीला, गावी परतल्यावर.