हयातीच्या दाखल्यापलीकडे

कार्तिक महिना हा आपल्याकडे आयुष्य मागण्याचा महिना. बलिप्रतिपदेला आणि भाऊबीजेला घराघरांतून औक्षण होते, ते आपल्या माणसाला उदंड आयुष्य लाभावे म्हणून. बहुधा त्याच सुमारास नोव्हेंबर येतो आणि शासन आपल्या निवृत्तिवेतनधारकांकडे ते आयुष्य अद्याप चालू असल्याचा पुरावा मागते. या पुराव्याला आपण ‘हयातीचा दाखला’ म्हणतो. वृद्ध माणूस असलेल्या घरात या दाखल्याची काळजी दिवाळीच्या फराळाबरोबरच सुरू होते.

या विषयावर लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. इंदूरमध्ये मी अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करते आहे. माझी आई ८८ वर्षांची असून गेली अकरा वर्षे माझ्याकडे राहते. वडील केंद्र सरकारच्या तार खात्यात होते. त्यांच्या पश्चात आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यामुळे या पडताळणीच्या दोन्ही बाजूंना मी उभी असते. सकाळी दवाखान्यात इतरांच्या कागदांवर सही करणारी डॉक्टर आणि दुपारी आईचे कागद घेऊन रांगेत उभी राहणारी मुलगी, अशा दोन्ही भूमिका मला ठाऊक आहेत. या अनुभवातून माझे एक मत झाले आहे. पडताळणी व्हावी, जरूर व्हावी. पण ‘माणूस आहे की नाही’ एवढे विचारून तिने थांबू नये, ‘माणूस कसा आहे’ इथपर्यंत जावे. आणि हा दुसरा प्रश्न विचारण्याचे काम मुख्यतः आपल्या व्यवसायाचे आहे.

पडताळणी मुळात हवीच कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी जपानचे उदाहरण पुरेसे आहे. २०१० च्या जुलैमध्ये टोकियोच्या अदाची भागात, नोंदीप्रमाणे १११ वर्षांच्या असलेल्या एका गृहस्थाची भेट घेण्यासाठी अधिकारी गेले. शतायुषींचा सन्मान करण्याची तिथे पद्धत आहे. घरचे लोक दरवेळी काही ना काही कारण सांगून भेट टाळीत आले होते. अखेर दार उघडले तेव्हा आतील खोलीत त्या गृहस्थाचा सांगाडा सापडला. मृत्यू सुमारे तीस वर्षांपूर्वी झाला होता आणि कुटुंबाच्या हाती निवृत्तिवेतन पडतच होते. त्यानंतर देशभरच्या कुटुंबनोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा कागदोपत्री हयात पण ठावठिकाणा नसलेल्या शंभरीपुढच्या व्यक्तींची संख्या दोन लाख तीस हजारांवर भरली. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशाची ही स्थिती. तेव्हा सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याने वर्षातून एकदा विचारपूस केली तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही.

मात्र कागद उलट दिशेनेही चुकतो. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातील लाल बिहारी यांना महसुली नोंदीत मृत दाखवले गेले. स्वतःचे जिवंतपण सिद्ध करण्यासाठी ते १९७५ पासून १९९४ पर्यंत झगडले. आपल्या नावापुढे ‘मृतक’ लावून त्यांनी आपल्यासारख्यांचा ‘मृतक संघ’ काढला. समोर उभ्या माणसापेक्षा नोंदवहीतील ओळ बलवत्तर ठरते तेव्हा काय होते, हे त्यांच्या कहाणीतून दिसते.

आपल्या देशात ही व्यवस्था सुधारली नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय सुरू झाली. २०१९ पासून ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा मिळाली. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हे काम करू लागला. २०२१ च्या नोव्हेंबरात चेहरा ओळखणारी पद्धत आली. आजारी बापाला खुर्चीसकट उचलून बँकेच्या पायऱ्या चढवणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या दृष्टीने ही प्रगती लहान नाही.

तरीही यंत्राला एक गोष्ट उमगत नाही, ती म्हणजे वार्धक्य. आपण डॉक्टर जाणतो की वयाबरोबर त्वचा पातळ व कोरडी होते, तिची लवचीकता जाते आणि बोटांवरच्या रेषा सपाट होतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या किंवा विटा उचललेल्या हातांवर त्या अधिकच झिजलेल्या असतात. जुनाट इसब असेल तर ठसा उमटणे कठीण. कर्करोगावरील कॅपेसिटाबीनसारख्या औषधाने तळहात सोलले गेले असतील तर आणखी कठीण. म्हणजे ज्यांना घराबाहेर पडणे सर्वांत अवघड, त्यांनाच यंत्र सर्वांत जास्त वेळा परत पाठवते. चेहऱ्याच्या पद्धतीत पापणी मिटून उघडायला सांगतात, कारण समोर छायाचित्र नसून जिवंत माणूस आहे याची खूण पटावी. कंपवाताच्या रुग्णाची पापणी मुळातच कमी लवते आणि चेहरा निर्विकार असतो, हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नसते.

माझ्या आईने मराठी शाळेत सत्तावीस वर्षे शिकवले. तिचे अक्षर मोत्यासारखे होते आणि विद्यार्थ्यांच्या अक्षराबद्दल ती फार कडक होती. हाताला कंप सुटल्यापासून सही जुळेना, म्हणून अंगठा आला. तो यंत्रावर उमटेना. दहाव्या-बाराव्या खेपेस ती शांतपणे म्हणाली, “अगं, मी इथे बसले आहे, हे त्याला दिसत नाही का?” आणि मग हसून, “सत्तावीस वर्षे मुलांना गिरवायला लावले, आणि शेवटी मीच अंगठाबहाद्दर झाले. तोही चालत नाही म्हणतात.” त्याच अर्जात पुनर्विवाह झाला आहे काय, असाही प्रश्न असतो. नियमाच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण ८८ वर्षांच्या बाईला तो मोठ्याने, चारचौघांत, कानात यंत्र नसल्यामुळे दोनदा विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्याने आवाज थोडा खाली आणावा एवढी अपेक्षा गैर नाही.

याहून जास्त खटकते ती गोष्ट वेगळी. केंद्रीय नियमांप्रमाणे ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ कुटुंब निवृत्तिवेतनात वीस टक्के, पंच्याऐंशीला तीस टक्के, नव्वदीला चाळीस टक्के, पंच्याण्णवला पन्नास टक्के आणि शंभरीला शंभर टक्के वाढ मिळते. जुन्या आदेशपत्रांत अनेकदा पत्नीची जन्मतारीख नोंदलेलीच नसते, त्यामुळे ही वाढ आपोआप लागत नाही. आईला ऐंशी आणि पंच्याऐंशी पूर्ण झाल्याचे संबंधित कार्यालयाच्या ध्यानात दोन्ही वेळा आले नाही. आम्हाला वयाचे पुरावे जोडून अर्ज करावे लागले. नोव्हेंबरात दाखला गेला नाही तर मात्र पैसे विनाविलंब थांबतात. देणे थांबवण्यास तत्पर आणि देणे वाढवण्यास विसराळू, असा हा कारभार. आपल्या वाचकांच्या घरी कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी ऐंशी ओलांडलेली आई, आत्या, मावशी असेल, तर तिचे आदेशपत्र आजच काढून जन्मतारीख पाहावी, असे आवर्जून सुचवते.

पडताळणीचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७’ या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमावलीत असे म्हटले आहे की, प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि पोलिसांच्या प्रतिनिधीने समाजसेवकासह महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी. प्रत्यक्षात अशी भेट किती घरांना घडते, हे प्रत्येकाने आपल्या गल्लीपुरते आठवून पाहावे. आमच्याकडे मात्र एकदा एक तरुण हवालदार वही घेऊन आला होता. मुलीकडे राहतात म्हटल्यावर त्याने प्रथम मुलगा कुठे असतो ते विचारले. मग आईकडे वळून म्हणाला, “अम्माजी, घर में कोई तकलीफ़ तो नहीं देता?” मी शेजारीच उभी होते. आईने मान हलवली, त्याने वहीत खूण केली आणि चहा न घेता तो गेला.

हा प्रसंग मी काही व्यवसायबंधूंना सांगितला तेव्हा त्यांना राग आला. डॉक्टरच्या घरी, तिच्या तोंडावर, असा प्रश्न? मला राग आला नाही. प्रश्न अगदी बरोबर होता, फक्त त्याने मला आधी खोलीबाहेर पाठवायला हवे होते. ज्याच्या हातात जेवण, औषध आणि बँकेचे पुस्तक आहे, त्याच्यासमोर कोणता वृद्ध माणूस तक्रार करील? आपण सर्वांनी कधी ना कधी सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांतील वृद्धांच्या कमरेवर जुन्या शय्याव्रणांच्या खुणा पाहिल्या आहेत. औषधाच्या डबीत तीन आठवड्यांच्या न दिलेल्या गोळ्या पाहिल्या आहेत. ‘पडल्या’ असे सांगितलेल्या जखमा पडण्याच्या जागी नसलेल्या पाहिल्या आहेत. तिथे हेतू नेहमी वाईट असतो असेही नाही. पुष्कळदा सेवा करणारी सूनच साठी ओलांडलेली असते, तिचेच गुडघे गेलेले असतात आणि कित्येक महिन्यांत तिला सलग झोप मिळालेली नसते. विचारपूस तिचीही व्हायला हवी. तिच्यावर संशय घेण्याने काही साधत नाही आणि तिच्याकडे पाहायचेच नाही असे ठरवण्यानेही साधत नाही.

आता आपल्याकडे वळू. “डॉक्टरसाहेब, बाबांना आणता येत नाही, एवढी सही द्या.” हे वाक्य ऐकले नसेल असा आपल्यात कोणी नसेल. ओळखीचे घर असते, गर्दीची वेळ असते, आणि नाही म्हणणे माणुसकीला सोडून वाटते. पण न पाहता दिलेली सही आणि न उमटणारा अंगठा यांत फरक तो काय? दोन्ही ठिकाणी माणूस गैरहजरच असतो. बँकांच्या जुन्या नियमांत अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराला अंगठा उमटवता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो. मात्र तो ओळखायला दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. नियम करणाऱ्याला एवढे कळत होते की, अशा वेळी माणसाची साक्ष माणसानेच द्यायची असते. डॉक्टरची सही ही अशीच साक्ष आहे. ती द्यायची तर त्या घरी जायला हवे.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी एक साधी सूचना ठेवते. दर नोव्हेंबरात प्रत्येक सभासदाने आपल्या भागातील अंथरुणाला खिळलेल्या दहा वृद्धांच्या घरी जावे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतून आपली माणसे विखुरलेली आहेत. पुष्कळांची मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी आहेत. दाखल्याचे काम पोस्टमनकडून किंवा फोनवरून होत असेल तर उत्तमच, ते तिथल्या तिथे उरकून घ्यावे. नाही झाले तर तपासून प्रमाणपत्र द्यावे. पण त्या निमित्ताने अर्धा तास बसावे. पाठ आणि टाचा पाहाव्यात. वजन घटले का, ते विचारावे. औषधाची डबी उघडून पाहावी. कानात मळ आहे की खरोखर बहिरेपण आहे, ते पाहावे. शेवटचे पडणे कधी झाले आणि रात्री शौचास जाताना दिवा असतो का, याची चौकशी करावी. मग घरच्यांना नम्रपणे बाहेर पाठवून रुग्णाशी पाच मिनिटे एकट्याने बोलावे, आणि बाहेर येऊन सेवा करणाऱ्याशीही पाच मिनिटे एकट्याने बोलावे. काही गंभीर आढळले तर ज्येष्ठांसाठी असलेला १४५६७ हा मदत क्रमांक आहे, कायदा आहे; पण बहुतेक घरांना त्याआधी एखादी रात्रपाळीची बाई, हवेची गादी किंवा परगावच्या भावाला डॉक्टरने केलेला एक स्पष्ट फोन एवढे पुरते.

२०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्यांची संख्या दहा कोटींवर होती, आणि ती वाढतच आहे. एवढ्या जणांना शासन फार तर आपण आहात काय, असे विचारू शकेल. आपण कसे आहात, हे विचारायला उंबरठा ओलांडून आत यावे लागते. डॉक्टरला हा उंबरठा अजून अडवत नाहीत, उलट पाट मांडतात. तो मान आपल्या आधीच्या पिढीतील घरोघर फिरणाऱ्या डॉक्टरांनी मिळवून ठेवला आहे. येत्या नोव्हेंबरात त्या दहा घरांची यादी प्रत्येक सभासदाच्या टेबलावर असावी, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती.