ओरिजिनल म्हणजे काय रे भाऊ?

मागच्या महिन्यात आबांचं घड्याळ चारचौघांत 'डबा' ठरलं.

एचएमटी जनता. चावीचं, सतरा ज्युवेल्सचं. जुन्या घड्याळांचा नाद असलेले आम्ही पाच-सहा जण अधूनमधून चहाला जमतो, आपापली घड्याळं टेबलावर मांडतो आणि एकमेकांच्या घड्याळांना नावं ठेवतो. एकाने डोळ्याला भिंग लावलं, दहा सेकंद पाहिलं आणि निकाल दिला, "रीडायल आहे. डबा." झालं. घड्याळ माझ्या हातात परत, पुढचं घड्याळ भिंगाखाली.

खरं तर तो चुकीचं काही बोलला नाही. डायल रंगवलेलीच आहे. आबा एसटीत कंडक्टर होते. १९८६ च्या पावसाळ्यात घड्याळात पाणी गेलं, डायलवर काळे डाग पडले, आकडे दिसेनात. गावातल्या घड्याळजीने ती उतरवली, जुना रंग काढला, नवा मारला आणि अक्षरं पुन्हा उमटवली. 'जनता'तला 'ज' जरा जाड झालाय, खालची ओळ किंचित तिरकी आहे. त्यानंतर ते घड्याळ आबांच्या मनगटावर आणखी सतरा वर्षं चाललं. ज्याच्या मनगटावर होतं त्याला ठाऊक होतं की डायल रंगवलीय. यात कोणाची फसवणूक झाली?

आता दुसरं घड्याळ बघा. तेही माझंच. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घेतलेलं, तेही एचएमटीच. "साहेब, कंपनीचा जुना माल, न वापरलेला, एकदम ओरिजिनल." डायल पोपटी, झकास चमकणारी. घरी आणून काच काढून पाहिलं तर रंग डायलच्या कडेवरून ओघळलेला, मिनिटांच्या रेघा काट्यांशी जुळत नाहीत, काटे भलत्याच मॉडेलचे. आणि आतलं मशीन बरंच वापरलेलं, स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या. विचारायला गेलो तर म्हणाला, "चालतंय ना? मग?"

दोन्ही घड्याळांच्या डायल रंगवलेल्या. आमच्या मंडळींच्या भिंगाखाली दोन्ही सारखीच, डबा! माझं भांडण नेमकं इथेच आहे.

जुन्या घड्याळांच्या जगात आपल्या मुंबईचं नाव कशासाठी घेतलं जातं माहीत आहे? 'मुंबई स्पेशल' किंवा 'बॉम्बे स्पेशल' असा शब्दच आहे परदेशातल्या संग्राहकांचा. रंगवलेली डायल, चार घड्याळांचे भाग एकत्र करून बनवलेलं पाचवं घड्याळ, आणि वर सेको नाहीतर फेवर-ल्यूबा असं नाव. ही शिवी आहे आणि ती आपण कमावलेली आहे, हे आधी मान्य करू. पण ही कला फसवणुकीसाठी जन्माला आली नव्हती हेही तितकंच खरं. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कित्येक दशकं निर्बंध होते. स्विस घड्याळाचा सुटा भाग हवा तर मिळणार कुठून? एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळं बनवायला घेतली, तरी घड्याळ ही वारंवार घ्यायची वस्तू नव्हती. लग्नात मिळालं, नोकरी लागल्यावर घेतलं, ते जन्मभर टिकवायचं. टपरीएवढ्या दुकानात बसून ज्यांनी ती टिकवून दिली, ते घड्याळजी लबाड नव्हते. त्यांच्यामुळे ही घड्याळं भंगारात गेली नाहीत आणि आज तुम्हा-आम्हाला जमवता येतायत.

आमच्या शुद्धतावादी मित्रांना हे पटत नाही. त्यांना घड्याळ 'कारखान्यातून निघालं तसं' हवं. अहो, पन्नास वर्षं वापरलेलं कुठलं घड्याळ तसं राहतं? काच बदललेली असते, मुख्य स्प्रिंग बदललेली असते, पट्टा तर दहादा बदललेला असतो. रोलेक्स-ओमेगासारख्या कंपन्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळाची खराब डायल आणि काटे काढून सर्रास नवे बसवत. तेव्हा ती उत्तम सेवा होती, आज त्याच घड्याळाची किंमत त्यामुळे पडते. म्हणजे कुठला बदल चालतो आणि कुठला नाही, हे बाजार ठरवतो. शुद्धतेचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही.

मग सगळंच माफ का? मुळीच नाही. विक्रेत्याचं ते "चालतंय ना?" मला सगळ्यात जास्त झोंबतं. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. लोकांना अचानक आपल्या वडिलांचं घड्याळ आठवलं, मागणी वाढली. त्या सुमाराच्या मूळ डायल आता नव्याने येणार नाहीत. आहेत तेवढ्याच. अशा वेळी जराशी पिवळी पडलेली, पण स्वच्छ वाचता येणारी कारखान्याची डायल खरवडून तिच्यावर जांभळा रंग मारणं म्हणजे जुन्या वाड्याचं सागवानी दार जाळून शेकोटी करण्यासारखं आहे. आबांच्या डायलवर वेळ दिसत नव्हती म्हणून ती रंगवली. ही मात्र गिऱ्हाइकाला चमक दिसावी म्हणून रंगवतात, आणि वर तिला 'ओरिजिनल' म्हणतात.

"गिऱ्हाइकालाच चकचकीत हवं असतं" हा विक्रेत्यांचा बचाव असतो. असेल. मग सांगा ना त्याला की रंग कालच मारलाय! तरीही घेतो म्हणाला तर खुशाल विका, माझी काही हरकत नाही. सांगत नाहीत, कारण सांगितलं की भाव उतरतो. म्हणजे जास्तीचे पैसे रंगाचे नसून न सांगण्याचे असतात.

आणि हे फक्त गल्लीतल्या विक्रेत्यांचंच आहे असं समजू नका. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर एकतीस लाखांहून जास्त स्विस फ्रँकला गेलं. विकत घेणारी खुद्द ओमेगा, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेलं आहे आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. घ्या! ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांनाच ते ओळखता आलं नाही. तिथे तुमचं-आमचं दहा सेकंदांचं भिंग कुठे पुरणार?

मित्र म्हणतात, म्हणूनच कडक राहायला हवं, रीडायल म्हणजे डबा, विषय संपला. मला नेमकं उलट वाटतं. दुरुस्तीचं नाव काढताच घड्याळ कवडीमोल होत असेल, तर दुरुस्ती सांगणार कोण? प्रामाणिक माणूस सांगून नुकसान सोसतो आणि लपवणारा पैसे करतो. आपल्या या सोवळेपणामुळेच लपवायची सवय लागते.

मागणं फार मोठं नाही. विकताना बिलावर तीन गोष्टी लिहा: डायल मूळची की रंगवलेली, काटे मूळचे की बदललेले, मशीन त्याच मॉडेलचं की दुसरं. घड्याळजीकडे दुरुस्तीला दिलंत तर आधी फोटो काढून ठेवा आणि काढलेले भाग एका पाकिटात परत मागा. डायल वाचता येत असेल तर तिला हात लावू नका. आणि जमवणाऱ्यांनी, म्हणजे आपण, खरं सांगणाऱ्याला किंमत द्यायला शिका. रंगवलेल्या डायलचं घड्याळ मूळ डायलच्या घड्याळापेक्षा स्वस्त असावं हे मला मान्य आहे. पण खरं सांगून विकलेलं रंगवलेलं घड्याळ खोटं सांगून विकलेल्याच्या पंगतीला बसवू नका.

पोपटी घड्याळ मला आज कोणालाही विकता येईल. 'ओरिजिनल' एवढा एकच शब्द उच्चारायचा आहे. पण विकलं नाही. ते मागच्या झाकणाच्या आत 'डायल आणि काटे मूळचे नाहीत' अशी बारीक चिठ्ठी घालून खणात पडलंय.

आबांच्या घड्याळाच्या डबीतही मी एक कागद घडी करून ठेवलाय. 'डायल १९८६ मध्ये रंगवली, पावसाचं पाणी गेल्यामुळे. काटे आणि मशीन मूळचं.' उद्या माझ्या मुलीने ते विकायचं ठरवलं तर हा कागद गिऱ्हाइकाला दाखवावा, असं तिला सांगून ठेवलंय. दोनचारशे रुपये कमी येतील. येऊ देत.