नाक वाकडं, पण गुन्हेगार कोण?

गेला पावसाळाभर माझा एक हात कीबोर्डवर आणि दुसरा रुमालावर. गालांवर दडपण, वास गायब आणि फोनवर आवाज असा, की एडिटरला वाटावं मी रडतेय. शेवटी सीटी स्कॅन केला. रिपोर्टमध्ये ‘डीएनएस’! आईच्या भाषेत, ‘नाकाचं हाड वाढलंय.’ मी ठरवूनच टाकलं, कर्ज काढू पण ऑपरेशन करू.

ईएनटीवाल्या मॅडम हसल्या. ‘‘अगं, नाकाचा पडदा थोडाफार तिरका बहुतेकांचा असतो. सगळे कुठे आजारी पडतात?’’ मग कागदावर चित्रच काढलं. सायनसच्या चार जोड्या, बारीक वाटांनी नाकात रिकाम्या होणाऱ्या. पडदा नेमका त्या वाटेवर झुकला, तर ती अरुंद होऊ शकते. पण 12 आठवड्यांहून जास्त रेंगाळणारं सायनसचं दुखणं म्हणजे मुळात आतल्या अस्तराची सूज. पडदा सरळ केला की श्वास मोकळा होईल. सूज जाईलच असं नाही.

म्हणून आधी उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि रोज स्टेरॉइड स्प्रे. शिवाय मेडिकलमधून मीच आणलेले, नाक झटक्यात मोकळं करणारे ड्रॉप्स बंद! ते जास्त दिवस घातले की नाक उलट आणखी चोंदतं. मी दोन महिने घालत होते.

परवा, दोन महिन्यांनी, आईच्या फोडणीतल्या हिंगाचा वास आला. नाक अजून वाकडंच आहे. ऑपरेशन? लागलंच तर बघू. तुमच्याही रिपोर्टमध्ये ‘डीएनएस’ असेल, तर घाबरण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा : त्रास पडद्याचा की सुजेचा?