पाढ्याची लाज कशाला?

सावेडीतल्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या पोराने परवा एका ओळीत बाराही महिन्यांचे दिवस काढून दाखवले. अठ्ठावीस घ्यायचे. महिन्याच्या क्रमांकाला आठाने भागून येणारा पूर्णांक त्याच क्रमांकात मिळवायचा, बेरजेला दोनाने भागून बाकी जोडायची. मग दोनाला क्रमांकाने भागून उरलेली बाकी, आणि जानेवारीपुरते वर दोन. बाराही उत्तरं मी तपासली, बरोबर आहेत. त्याचं म्हणणं, प्रोग्रामात बारा आकड्यांचा तक्ता लिहिणं हे कारकुनी काम; गणित येतं त्याने सूत्र मांडावं.

पण सूत्र शोभतं ते मुळात नियम असेल तिथे. या महिन्यांच्या दिवसांना तो नाही. ऑगस्टसने आपल्या ऑगस्ट महिन्यासाठी फेब्रुवारीचा दिवस पळवला, ही शाळेत ऐकलेली गोष्टही खोटी. त्याचं नाव लागण्याआधीच, ज्युलियस सीझरच्या सुधारणेत, तो महिना ३१ दिवसांचा झाला होता आणि फेब्रुवारी त्याही आधीपासून २८ चा. सगळा रोमन हुकमांचा मामला! जानेवारीला ते जादा दोन का? तर त्याशिवाय उत्तर जमत नाही म्हणून. हा तक्ताच झाला, फक्त वाचता येऊ नये असा लिहिलेला. शिवाय लीप वर्ष त्या सूत्राला कळत नाही ते नाहीच.

उलट १९५७ पासूनची आपली राष्ट्रीय दिनदर्शिका घ्या. वैशाख ते भाद्रपद ३१, बाकी ३०, लीप वर्षी चैत्रही ३१. त्या दिवसांत सूर्याची चाल मंद, म्हणून महिने लांब. तिथे खुशाल नियम लिहावा. (ती वापरतो कोण, हे विचारू नका.)

तक्ता टंकताना चूक होते, हा आक्षेप मात्र मान्य. पण ३१ चे १३ झाले तर कुणालाही दिसतं. सूत्रातल्या आठाच्या जागी सात पडला, तर एकटा जुलै गुपचूप तिसाचा होतो, बाकी अकरा ठणठणीत. शोधत बसा. राहिला कमीपणाचा प्रश्न. पावकी-निमकी घोकलेल्या आजोबांना कुणी अडाणी म्हटलं नाही, आणि पंचांगाचा महिना २९ चा की ३० चा हे नेवाशाचा शेतकरी बोटांवर काढत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय बघतो.

खरी ठेच मला दुसरीकडेच लागली. एका पतसंस्थेसाठी आवर्त ठेवीचा प्रोग्राम मीच लिहिला होता. ३१ जानेवारीचं खातं. पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढलेली. फेब्रुवारीत २८ आली आणि मार्चमध्येही २८ च राहिली. घोडेगावच्या कांदा मार्केटातला एक हमाल ३१ मार्चला हप्ता घेऊन आला, तर तीन दिवसांचा दंड. पासबुक काउंटरवर ठेवून तो म्हणाला, “साहेब, मार्च एकतीसचाच असतो ना?”

आता प्रत्येक हप्ता मूळ तारखेपासून मोजतो. महिना तोकडा पडला, तरच तक्ता बघतो.